सेलमधले चामडी बूट: कोणता दोष चालतो, कोणता नाही

पत्र: माझे वय २४. पुढच्या महिन्यात मुंबईत एका बँकेत रुजू होतो आहे. पुण्यातल्या एका फॅक्टरी आउटलेटमध्ये तपकिरी रंगाचे, नाडीचे फॉर्मल बूट बघून ठेवले आहेत. डब्यावर किंमत ८,९९० रुपये आहे, 'सेकंड', म्हणजे किरकोळ दोष असलेला नवा माल, म्हणून ३,४०० ला देत आहेत. नीट बघितल्यावर चार गोष्टी दिसल्या. डावा बूट उजव्यापेक्षा थोडा फिका आहे. उजव्याच्या बाहेरच्या बाजूला, टाचेजवळ, एक बारीक उंचवट्याची रेघ आहे. डाव्याच्या नाडीच्या भोकांजवळ एक टाका कमी आहे. आणि घालून चाललो तेव्हा डाव्या बुटावर बोटांच्या मागे जाड, फुगीर सुरकुती पडली. उजव्यावर तशी पडली नाही. विक्रेता म्हणतो, "खरं लेदर आहे, असं असणारच." बाबा म्हणतात, सेकंडचा माल घेऊच नये. त्यांनी सेलमध्ये घेतलेले बूट तीन-चार वर्षं कपाटात पडून होते. मावसभावाच्या लग्नात पहिल्यांदा घातले आणि मांडवातच सोलचा भुगा झाला. दुकानदार रविवारपर्यंत जोड ठेवायला तयार आहे. घेऊ का?
– एक वाचक, पुणे

प्रिय वाचक,

चारपैकी तीन गोष्टी वाचून मला काळजी वाटली नाही. चौथी, म्हणजे डाव्या बुटावरची फुगीर सुरकुती वाचून वाटली. विक्रेत्याने चारही गोष्टी एका वाक्यात खपवल्या आणि बाबांनी चारही एका वाक्यात मोडीत काढल्या, म्हणून त्या आधी वेगवेगळ्या करू.

चालताना बूट सगळीकडे सारखा वाकत नाही. पाऊल उचलले की तो बोटांच्या मागे, चवड्यावर, एकाच पट्ट्यात वाकतो. दिवसभरात हजारो वेळा तिथेच. टाचेभोवती आणि पुढच्या टोकाला आतून कडक आधार बसवलेला असतो, तिथले चामडे जवळपास हलतच नाही. त्यामुळे टाचेजवळचा डाग पाच वर्षांनीही आहे तेवढाच राहतो, आणि वाकणाऱ्या पट्ट्यातली बारीकशी भेग एक-दोन पावसाळ्यांत उघडी पडते. सेकंडचा जोड हातात घेतला की दोष कुठे आहे ते आधी बघायचे, केवढा आहे ते नंतर.

तुमची सुरकुती नेमकी त्या पट्ट्यात आहे. जनावराचे कातडे सगळीकडे एका गुणाचे नसते. पाठीवरचे दाट आणि घट्ट असते, पोटाकडचे आणि पायांच्या सांध्यांजवळचे सैल, ताणले जाणारे. कारखान्यात कातडे पसरून तुकडे कापणाऱ्या कारागिराचे सगळे कसब यातच असते: बुटाच्या पुढच्या भागासाठी पाठीचा तुकडा ठेवायचा, जिभेसाठी किंवा आतल्या बाजूसाठी पोटाकडचा वापरायचा. माल वाचवण्याच्या नादात सैल तुकडा पुढे लागला तर बूट नवा असताना, फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, ताणून बसवलेला असताना, काहीच दिसत नाही. पायात घालून वाकवला की वरचा गुळगुळीत थर खालच्या तंतूंपासून सुटतो आणि फुगतो. हा दोष पॉलिशखाली लपत नाही, क्रीमने भरत नाही आणि वापराने वाढतच जातो. वर्षभरात डावा बूट उजव्यापेक्षा दोन वर्षं जुना दिसू लागेल.

पण खात्री करून घ्या, कारण जाड सुरकुती आणखी एका कारणाने पडते: बूट पायाला मोठा असला की. आत जागा रिकामी राहिली तर चांगले चामडेही ढोबळ घडी घालते, आणि बहुतेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा लहान असतोच. म्हणून ही परीक्षा बूट पायात नसताना करा. आत दोन बोटे घालून आधार द्या आणि बाहेरून, बोटांमागच्या त्या जागी, अंगठ्याने चामडे हलकेच पुढे ढकला. अगदी बारीक, एकमेकींना लागून असलेल्या रेषा उमटल्या आणि अंगठा उचलताच विरल्या, तर चामडे उत्तम. रुंद वळ्या उठल्या, सोडल्यावरही रेंगाळल्या, वरचा थर खालच्यावर सरकतो आहे असे अंगठ्याला जाणवले, तर तो जोड तिथेच ठेवा. हीच परीक्षा उजव्यावर त्याच जागी करून दोन्हींची तुलना करा. एकदा फरक जाणवला की पुन्हा कुणाला विचारावे लागत नाही.

टाचेजवळची उंचवट्याची रेघ मात्र विक्रेता म्हणतो तशीच असावी. जनावर काटेरी तारेला घासते, बाभळीतून जाते, त्याला गोचीड चावते. जिवंतपणी भरून आलेल्या जखमेचा वण कातडे कमावल्यावरही दिसतो. वण असलेल्या जागी चामडे फाटत नाही. नखाने आडवे चाचपून बघा. नख अलगद वरून गेले तर भरलेला वण आहे. नख अडकले, कडा सुटी लागली, आतला फिका धागा दिसला, तर तो ओरखडा मागाहूनचा आहे, कारखान्यातला किंवा दुकानातला. टाचेजवळ तोही एक वेळ चालेल, क्रीमने बसवता येतो. वाकणाऱ्या पट्ट्यात तो अजिबात घेऊ नका.

अशी रेघ असलेला बूट मला उलट विश्वासाचा वाटतो. स्वस्तातला, एकही खूण नसलेला, काचेसारखा चकचकीत बूट समोर आला की मी जास्त सावध होते. वण आणि डाग फार असलेल्या कातड्याचा वरचा थर कारखान्यात घासून काढतात, त्यावर रंगाचा आणि प्लास्टिकसारख्या लेपाचा थर चढवतात आणि वर छापाने खोटी छिद्रे उमटवतात. तेही खरे चामडेच, त्यामुळे 'जेन्युइन लेदर' हा शिक्का खोटा ठरत नाही. पण तो लेप वाकणाऱ्या जागी तडकतो आणि एकदा तडकला की कोणतेही क्रीम आत मुरत नाही. ओळखायला सोपे आहे: उजेडात तिरके धरा, छिद्रे सगळीकडे एकाच अंतरावर, एकाच आकाराची दिसली तर समजा. खऱ्या पृष्ठभागावर ती कुठे दाट, कुठे विरळ असतात. रेक्झिनची तर गोष्टच वेगळी, ते जिभेच्या कापलेल्या कडेला बघितले की कापडाच्या अस्तरासारखी विण दिसून लगेच कळते.

आता रंग. डावा फिका का, याचे एक साधे कारण असू शकते. दुकानात मांडणीला एकच बूट ठेवतात, दुसरा डब्यात राहतो. काचेतून येणारे ऊन आणि डोक्यावरचे दिवे त्या एकाच बुटावर महिनोन्महिने पडतात. आउटलेटमध्ये येणारे कित्येक जोड असे दुकानांच्या मांडणीवरून उतरलेले असतात. बूट दाराशी, दिवसाच्या उजेडात न्या. दुकानातल्या पिवळ्या दिव्यांखाली तपकिरी रंगाचा काही भरवसा नाही. बूट सगळीकडे सारखा फिका असेल तर हरकत नाही. तपकिरी चामडे गडद करता येते, फिके करता येत नाही, म्हणून फिक्या बुटाला एक छटा गडद क्रीम लावून उजव्याच्या जवळ आणायचे. दोन-तीन वेळा पातळ थर लावले की चार हातांवरून कुणाला कळणार नाही. पण एकच बाजू उडालेली असेल, किंवा मधेच एखादा चकचकीत फिका ठिपका असेल, तर थांबा. असा ठिपका बहुतेकदा सांडलेल्या गोंदाचा असतो, त्याखाली रंग पोचत नाही आणि तुम्ही जितके पॉलिश कराल तितका तो उठून दिसेल.

रंगाबरोबर पांढऱ्या पुटाचेही सांगते, कारण पावसाळ्यानंतरच्या सेलमध्ये ते हमखास दिसते. कधी ती चामड्यातली चरबी थंडीने वर आलेली असते. तळहाताच्या उबेने किंवा हेअर ड्रायरच्या गरम हवेने ती विरघळून जाते, काही नुकसान नसते. कधी ती बुरशी असते: ठिपक्याठिपक्यांची, कुबट वासाची, आणि बहुधा आत अस्तरावरही. बूट नाकाशी धरायला लाजू नका. वरची बुरशी पुसता येते, अस्तरात आणि सुखतळ्यात शिरलेली मुंबईच्या हवेत पुन्हापुन्हा येत राहील.

सुटलेल्या टाक्याबद्दल तुम्ही "नाडीच्या भोकांजवळ" एवढेच लिहिले आहे, त्यामुळे कोणती शिवण ते तुम्हालाच बघावे लागेल. भोकांच्या रांगेला समांतर जाणारी शिवण अस्तर आणि चामडे एकत्र धरते. तिथला एखादा टाका कमी असेल आणि दोन्हीकडचा दोरा पक्का असेल तर काही बिघडत नाही. जिथे नाडीच्या दोन बाजू खाली एकत्र येऊन पुढच्या भागाला जोडल्या जातात ती जागा मात्र नाडी आवळली की प्रत्येक वेळी ताण घेते. तिथला टाका कमी असेल तर शिवण उसवत जाईल. तरीही हा दुरुस्त होणारा दोष आहे. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला बसणारे गटई कामगार आरीने आणि मेण लावलेल्या दोऱ्याने जुन्याच भोकांतून असा टाका घालून देतात, आणि कुशल हात असेल तर कारखान्याच्या टाक्यापासून वेगळा ओळखू येत नाही. जुन्याच भोकांतून, हे आवर्जून सांगा. चामड्यात सुईने पडलेले भोक कधी बुजत नाही, आणि भोकाशेजारी भोक पाडत गेले की ती ओळ तिकिटासारखी फाटते. याच कारणासाठी, जिथे शिवण चुकून दोनदा मारलेली दिसेल किंवा टाके कडेच्या अगदी काठाने गेलेले दिसतील, तो जोड सुटलेल्या टाक्यापेक्षा वाईट समजा.

तुमच्या पत्रात जे नाही त्याचीच मला जास्त काळजी आहे. तुम्ही चामडे बघितले, बुटाची ठेवण बघितलेली दिसत नाही. दोन्ही बूट काचेच्या काउंटरवर शेजारी ठेवा आणि डोळे त्यांच्या पातळीवर आणून मागून बघा. टाचेवरची उभी शिवण सरळ हवी, बूट एका अंगाला कललेला नको, बोटाने ढकलल्यावर डुगडुगायला नको. मग समोरून: नाडीची मधली रेघ बुटाच्या टोकाकडे सरळ जाते का, की एका बाजूला वळली आहे? फर्म्यावर चढवताना चामडे तिरके ओढले गेले की बूट जन्मभर तिरकाच राहतो. पुढच्या टोपीच्या शिवणीत दोन बुटांत एक-दोन मिलिमीटरचा फरक असणारच, हाताने केलेल्या कामात तो असतो. बोटभर फरक असेल तर नको.

टाचेच्या दोन्ही बाजू अंगठ्याने दाबा. आतला आधार चारही ठिकाणी सारखा कडक लागला पाहिजे. एक बाजू मऊ लागली तर तिथला आधार मोडलेला किंवा बसवायचा राहिलेला आहे, आणि तो बूट महिन्याभरात तिकडे कलंडेल. बुटाचा वरचा काठ घोट्याच्या हाडाखाली येतो ना, हे दोन्ही पायांत घालून बघा. सेकंडमध्ये एका बुटाचा काठ तीन-चार मिलिमीटर उंच निघतो, दिसत नाही, पण हाड सोलून काढतो. शेवटी हात आत घालून टोकापर्यंत फिरवा: खिळ्याचे टोक, अस्तराची चुणी, सुखतळ्याची उठलेली कड. टाचेजवळची चुणी म्हणजे फोड. तिच्यावर इलाज नाही. आणि दोन्ही बुटांच्या आतला नंबर वाचा. ढिगातल्या मालात जोड चुकतात. आपल्याकडच्या मापात एक नंबर म्हणजे साडेआठ मिलिमीटर आणि अर्धा नंबर त्याच्या निम्मा; इतका फरक डोळ्यांनी निसटतो. तुमची ती सुरकुती या चुकीतूनही आलेली असू शकते.

बाबांच्या अनुभवाकडे वळते, कारण तो खरा आहे आणि त्याचे कारण त्यांना कुणी सांगितलेले नसणार. तो सोल पॉलियुरेथेनचा असावा, दुकानात ज्याला पीयू सोल म्हणतात. हलका, मऊ, चालायला सुखाचा. पण हवेतला ओलावा हळूहळू त्यात शिरतो आणि त्याची रासायनिक साखळीच तोडत जातो. बूट वापरा किंवा डब्यात ठेवा, हे चालूच राहते. रोजच्या वापरातला सोल त्याआधी झिजून जातो म्हणून कळत नाही. कपाटात जपून ठेवलेला समारंभाच्या दिवशी भुगा होतो. बाबांचे बूट सेकंडचे नसते, पूर्ण किमतीचे असते, तरी त्या मांडवात तेच झाले असते. मात्र त्यांची भीती सेलला लागू पडते, कारण सेलमधला माल पुष्कळदा जुना असतो आणि तो किती काळ कोणत्या गोदामात पडून होता हे कुणी सांगत नाही.

म्हणून डबा मागा. त्यावर किमतीबरोबर महिना आणि वर्ष छापलेले असते. सोल कशाचा आहे ते विचारा. रबर हाताला जड लागते आणि त्याला रबराचा वास असतो. पीयू त्या मानाने खूपच हलका. सोल पीयूचा आणि डबा दोन वर्षांहून जुना, तर मी ३,४०० काय, हजारालाही घेणार नाही. वर्ष अलीकडचे असले तरी सोलच्या कडेवर नख रोवून बघा आणि बूट हाताने वाकवून खालची बाजू बघा. चिकटपणा, बारीक तडे, बोटाला लागणारी पूड, यातले काहीही दिसले तर परत ठेवा. चामड्याच्या किंवा रबराच्या सोलला हा रोग होत नाही, जुने रबर कडक होते तेवढेच.

सोल कसा जोडला आहे यावर किमतीचे गणित ठरते. बहुतेक बूट नुसते चिकटवलेले असतात. त्यात वाईट काही नाही, पण सोल झिजला की बुटाचे आयुष्य बहुधा संपते. शिवलेल्या बुटांत गुडइयर वेल्ट ही पद्धत सर्वांत टिकाऊ: वरच्या भागाला कडेने एक चामड्याची पट्टी शिवतात आणि सोल त्या पट्टीला शिवतात, त्यामुळे वरच्या चामड्याला धक्का न लावता सोल पुन्हापुन्हा बदलता येतो. हे यंत्र १८७०च्या दशकात ज्यांच्यामुळे रूढ झाले ते चार्ल्स गुडइयर ज्युनियर; टायरच्या कंपनीला ज्यांचे नाव दिले ते त्यांचे वडील. विक्रेता हे नाव घेईल तेव्हा कडेवरचे टाके बघून भुलू नका. चिकटवलेल्या सोलच्या कडेवर नुसते शोभेचे टाके मारलेले बूट ढिगाने मिळतात. खाली सोलवरही टाक्यांची ओळ किंवा ती झाकणारी खाच दिसली पाहिजे. आणि चिकटवलेला असो वा शिवलेला, वरचा भाग आणि सोल यांच्या फटीत पावतीचा कोपरा सगळीकडून सरकवून बघा. कुठेही आत शिरला, तर तिथून पाणी शिरेल.

हा जोड खरोखर वेल्टचा असेल, सोल रबराचा किंवा चामड्याचा असेल आणि सुरकुतीच्या परीक्षेत उतरला, तर ३,४०० रुपयांत तुम्हाला पूर्ण किमतीचा बूट मिळतो आहे. चिकटवलेला असेल तर छापील ८,९९० विसरून जा. तशाच चिकटवलेल्या, निर्दोष बुटाला शेजारच्या दुकानात काय पडते ते विचारून या आणि त्या आकड्याशी ३,४०० ताडून बघा. सेलमधली सूट छापील किमतीवर मोजली की नेहमी मोठीच दिसते.

आणि हाच जोड कशाला? सेकंडच्या मालात प्रत्येक जोडाचा दोष वेगळा असतो. तुमच्या नंबराचे त्याच नमुन्याचे सगळे डबे खाली काढायला सांगा. कुठे रंगाचा डाग असेल, कुठे टाका, कुठे नुसता फाटका डबा. दुपारनंतर जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, आणि ऑफिसला घालणार तेच पातळ मोजे घालून जा. तुम्ही गिअरची मोटरसायकल चालवत असाल तर आणखी एक: गिअर टाकताना डाव्या बुटाच्या वरच्या बाजूवर घासल्याची खूण पडतेच. त्यामुळे नेमक्या त्याच जागी रंगाचा किरकोळ दोष असलेला जोड तुमच्यासाठी दोषी नाहीच. किंमत मात्र त्याच्या नावाने आणखी कमी करून मागा.

पैसे देताना पावती घ्या आणि तिच्यावर दोष लिहून घ्या: "डाव्याला एक टाका कमी, रंगात फरक, उजव्याच्या टाचेजवळ वण." सांगून विकलेल्या दोषाबद्दल तुम्ही पुढे तक्रार करू शकत नाही, म्हणून यादी तेवढीच राहू द्या. महिन्याभरात सोल सुटला किंवा टाच कलंडली तर तो वेगळा दोष आहे. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी भिंतीवर असली तरी दुकानदाराला त्याची जबाबदारी झटकता येत नाही. पावतीवर दुसरी मुदत लिहिलेली नसेल तर सदोष माल तीस दिवसांच्या आत परत घ्यायला नकार देणे ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. दुकानदार ऐकेनासा झाला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. पावती आणि बुटांचे फोटो हाताशी ठेवा.